वरचा किराणा कोण पोचवणार?

विषय निघाला तो आप्पांच्या द्राक्षांवरून. पॅकहाऊसमधून कंटेनर वेळेवर सुटला होता. पण कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला, चार तास रस्ता बंद, आणि न्हावाशेवाला पोचेपर्यंत जहाजाचं गेट बंद झालेलं. आता माल पुढच्या जहाजावर. आप्पा आडगाव नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर आले तेच फोन कानाला लावून.

बापूची ट्रान्सपोर्ट आहे. हा कंटेनर त्याचा नव्हता, तरी तो ड्रायव्हरची बाजू घेऊन भांडायला लागला. "आप्पा, घाट काय ड्रायव्हरनं अडवला? चार तास उशीर म्हणजे आपल्या लाईनमध्ये काहीच नाही."

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, "बापू, अवकाशस्थानकावर माल नेणाऱ्या फाल्कन रॉकेटला चार तास सोड, चार सेकंदसुद्धा उशीर चालत नाही. स्थानकाची वाट आकाशात ठरलेली, आणि खाली पृथ्वी फिरतेय. लाँचपॅड त्या वाटेखाली आलं की त्याच क्षणी सुटायचं. चुकलं की लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी, तेही वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे."

"चार सेकंद?" आप्पांनी फोन खाली ठेवला.

"स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त पळतंय, आप्पा. नाशिकहून मुंबई बावीस सेकंदांत. उंची म्हणाल तर ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इथून कोल्हापूरला जाताना याहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. अंतर हा प्रश्नच नाही. पळत्या गाडीत माल चढवायचा आहे, हा प्रश्न आहे."

पक्या अंबडला कारखान्यात सीएनसी मशिनवर आहे. सगळ्यात लहान, आणि इस्रोचं काही निघालं की त्याचा चेहरा खुलतो. तो म्हणाला, "सर, आपलंही स्थानक होतंय. पहिला भाग २०२८ला, पूर्ण पाच भाग २०३५पर्यंत."

बापूनं चहाचा ग्लास कट्ट्यावर टेकवला. "बांधतील रे. बांधणारे लई हुशार आहेत आपले. पण मला सांग, वरचा किराणा कोण पोचवणार?"

बरीच वर्षं या कट्ट्यावर बसतोय, पण इतका नेमका प्रश्न मी इथं क्वचित ऐकला असेल.

पक्याला तो प्रश्नच वाटला नाही. "इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट आहे ना, आठ टनांपर्यंत नेतं. गगनयानातून माणूस जाणार आहे. माणूस नेता आला तर पोतं नेता येणार नाही?"

"उलटं आहे पक्या," मी म्हटलं. "आधी पोतं पोचवायची सवय लागली पाहिजे, मग माणूस वर ठेवायचा. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. आप्पा, स्कायलॅब आठवते?"

आप्पा एकदम सरळ बसले. "न आठवायला काय झालं! १९७९, जुलै. मी शाळेत होतो पिंपळगावला. आमच्या आजीनं देव पाण्यात ठेवले होते. डोक्यावर पडणार म्हणून दोन दिवस पोरांना अंगणात जाऊ दिलं नाही."

"ती का पडली, ते माहितीये?"

"बिघडली असेल."

"थोडं बिघडलं होतं, पण पडायचं कारण ते नाही. तिच्याकडे गाडीच गेली नाही." मग मी सविस्तर सांगितलं, कारण माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. अमेरिकेनं मे १९७३मध्ये स्कायलॅब हे आपलं अवकाशस्थानक सोडलं तेव्हा अन्न, पाणी, कपडे जवळपास सगळं आतच भरून दिलं होतं. लग्नघरात कोठी भरतात तसं. तीन तुकड्या जाऊन राहिल्या: २८ दिवस, ५९ दिवस, ८४ दिवस. फेब्रुवारी १९७४मध्ये शेवटची तुकडी उतरली आणि घराला कुलूप लागलं. तिथंही अगदी विरळ हवा असतेच, तिच्या घर्षणानं स्थानक हळूहळू खाली येत राहतं. त्यात सूर्य तापला, वातावरण फुगलं, घसरण वाढली. स्पेस शटल जाऊन तिला वर ढकलेल असा बेत होता, पण शटल पहिल्यांदा उडालं १९८१ला. स्कायलॅब ११ जुलै १९७९लाच खाली आली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

आप्पा म्हणाले, "म्हणजे आजी ज्याला घाबरली ते गाडी लागली नाही म्हणून झालं?"

"अगदी तेच. आणि त्याच काळात रशियनांनी काय केलं बघा. सॅल्यूत-६ या स्थानकाला त्यांनी दोन दारं ठेवली. एकाला माणसांचं यान, दुसरं मोकळं. जानेवारी १९७८मध्ये त्या मोकळ्या दाराला प्रोग्रेस नावाची बिनमाणसाची मालगाडी येऊन लागली. दोन टनांहून जास्त माल. खाणं, पाणी, उपकरणं, आणि वर इंधन. इंधनाची पिंपं हातानं उतरवायची नाहीत, पाइप जोडले जातात आणि टाकीतून टाकीत जातं. त्या वेळची दोन माणसं ९६ दिवस वर राहून आली. घर तेवढंच, माणसं तशीच, फक्त मालगाडी यायला लागली."

"तीच गाडी अजून चालते?" बापू.

"चेसिस तीच म्हण. आतलं बदलत गेलं. आज अडीच टनांपर्यंत नेते. आणि माल उतरवून झाला की महिनोन् महिने तिथंच उभी राहते आणि तिचंच इंजिन चालवून स्थानकाला वर ढकलते. चारशे टनांवरचं घर महिन्याला दोनेक किलोमीटर खाली येतं, ते असं सावरायचं."

बापूला हे फार आवडलं. ट्रकनं माल उतरवून घरालाच धक्का द्यायचा, ही कल्पना त्यानं दोनदा बोलून दाखवली.

पण तो हार मानणारा नाही. म्हणाला, "मास्तर, पटलं. पण स्वतःची गाडी कशाला पाहिजे? द्राक्षाच्या सीझनला मीच बाहेरच्या गाड्या लावतो. परदेशातल्या ट्रान्सपोर्टवाल्याला भाडं द्या, मोकळे व्हा."

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि मी ते तिथं मान्य केलं. कारण अमेरिकेनंही तेच केलंय. २०११ला शटल बंद झालं, पण त्याआधीच, २००८मध्ये, नासानं माल नेण्याचं काम खाजगी कंपन्यांना भाडेकरारावर दिलं होतं. मे २०१२मध्ये त्यांचं ड्रॅगन हे मालवाहू यान पोचलं, सप्टेंबर २०१३मध्ये सिग्नस. सिग्नसच्या एका यानाला तर कल्पना चावलाचं नाव दिलं होतं, ते २०२०ला गेलं. जपाननं आणि युरोपनं आपापल्या गाड्या पाठवल्या. भाड्याची पद्धत चालते, यात वाद नाही.

"पण बापू, एकाच ट्रान्सपोर्टवर सीझन काढशील?"

"येडा आहे का मी?"

"मग ऐक." आणि मी २०१४-१५ची ती आठ महिन्यांची हकिकत सांगितली. २८ ऑक्टोबर २०१४, सिग्नस नेणारं अँटारेस रॉकेट उडाल्यावर पंधरा सेकंदांत बिघडलं आणि पॅडजवळच कोसळून फुटलं. सहा महिन्यांनी २८ एप्रिल २०१५, रशियाची प्रोग्रेस कक्षेत पोचली पण गरगरत सुटली, ताब्यातच येईना. दहा दिवसांनी वातावरणात जळाली. आणि बरोबर दोन महिन्यांनी २८ जून, ड्रॅगन नेणारा फाल्कन सव्वादोन मिनिटांनी हवेत फुटला. तीन वेगळे देश-कंपन्या, तीन वेगळी कारणं, आणि तिघांचाही माल गेला. अमेरिकेतल्या काही शाळकरी मुलांचे प्रयोग पहिल्या अपघातात गेले होते. पोरांनी ते परत तयार केले, आणि ते नेमके त्या फाल्कनमध्ये होते. मला या सगळ्यात त्या पोरांचं सर्वांत वाईट वाटतं. माझ्या वर्गातली पोरं डोळ्यापुढे येतात.

"वर किती माणसं होती तेव्हा?" आप्पांनी हळू आवाजात विचारलं.

"तीन. पण उपाशी नाही राहिले. काही महिन्यांचा साठा आधीच वर ठेवलेला असतो, मुद्दाम. ३ जुलैला प्रोग्रेस सुटली, दोन दिवसांत पोचली. ऑगस्टमध्ये जपानची गाडी गेली. आणि सिग्नसवाल्यांनी काय केलं सांगू? स्वतःचं रॉकेट दुरुस्त होईपर्यंत थांबले नाहीत. डिसेंबर २०१५मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ॲटलस रॉकेटवर आपलं यान चढवून पाठवलं. पुढे २०२४पासून तर चढाओढ असलेल्या कंपनीच्याच फाल्कनवर पाठवतात."

"हे बरोबर केलं," बापू म्हणाला. "ब्रेकडाऊन झालं की भांडणं बाजूला. समोरच्याच्या गाडीत भरायचा आणि माल पोचवायचा. पार्टीला माल पाहिजे, तुझ्या इंजिनाचं रडगाणं नको."

मग त्यानं जे विचारलं ते ट्रान्सपोर्टवालाच विचारू शकतो: "रिटर्न भाडं?"

रिटर्न भाडं नाही, हे ऐकून तो खरंच हळहळला. प्रोग्रेस असो की सिग्नस, परतताना त्यात कचरा भरतात, वापरलेले कपडे, डबे, मोडकी उपकरणं, आणि गाडीसकट वातावरणात जाळून टाकतात. उरलेसुरले तुकडे निर्मनुष्य समुद्रात पडतील अशी जागा ठरवलेली असते. मोठा माल सुखरूप खाली आणणारी गाडी आंतरराष्ट्रीय स्थानकाला सध्या एकच, ड्रॅगन. ती पॅराशूटनं समुद्रात उतरते. रक्ताचे, पेशींचे नमुने उणे ८० अंशांत गोठवलेले असतात, ते तिच्यातूनच येतात.

"उणे ऐंशी!" आप्पांचा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, शून्याच्या आसपास चालतो. "मध्ये प्लग निघाला की संपलं."

"म्हणून तर समुद्रातून उचलल्याबरोबर धावपळ असते."

इथं आप्पांनी फळांचं विचारलं. ताजी फळं नेतात, संत्री, सफरचंदं, अगदी शेवटच्या टप्प्यात भरतात. द्राक्षांचं काही मला सांगता आलं नाही. पण २०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला गेले तेव्हा गाजर हलव्याबरोबर आमरसही नेला होता आणि सोबत्यांना खाऊ घातला, हे सांगितल्यावर आप्पांचा कंटेनर पाच मिनिटं विसरला गेला.

पक्या मात्र मघापासून गप्प होता. आता तो बोलला, आणि रागानं बोलला. "सर, तुम्ही सगळे असं बोलताय जसं आपल्याला काहीच येत नाही. इस्रोनं वर दोन उपग्रह एकमेकांना जोडले, ते स्पेडेक्स विसरलात?"

विसरलो नव्हतो. उलट मला तिथंच यायचं होतं. पण आधी मी त्याला मीरची गोष्ट सांगितली. २५ जून १९९७, रशियाचं मीर स्थानक. प्रोग्रेस हातानं, टीव्हीच्या पडद्यावर बघून जोडण्याची चाचणी चालू होती. वेग आवरला नाही, गाडी येऊन स्पेक्त्र नावाच्या खोलीवर आदळली. खोलीला भोक पडलं, हवा जायला लागली. दारातून केबली गेलेल्या, त्यामुळे दार लागेना. त्या केबली तोडून, उपटून खोली बंद केली तेव्हा तिघांचा जीव वाचला. पण त्याबरोबर निम्मी वीज गेली आणि स्थानक अंधारात गिरक्या घेत राहिलं. किराणा घेऊन आलेल्या गाडीनंच घराची भिंत फोडली.

"आणि म्हणूनच स्पेडेक्सचा मला इतका अभिमान आहे," मी म्हटलं. "३० डिसेंबर २०२४ला दोन उपग्रह सोडले, प्रत्येकी साधारण २२० किलोचे. सात जानेवारी ठरली होती, पुढे ढकलली. नऊ ठरली, तीही ढकलली. बारा तारखेला तीन मीटरवर आणले, आणि जोडले नाहीत. मागे घेतले. आकडे तपासले. मग १६ जानेवारी २०२५ला जोडले. जगात चौथा देश. पक्या, सगळा देश टीव्ही लावून बसला असताना तीन मीटरवरून मागे फिरायला काय लागतं, विचार कर."

पक्याचा राग उतरला. "आमच्याकडे साहेब म्हणतात, जॉब बसत नसेल तर दाबू नको, काढ आणि माप परत घे."

"तेच केलं त्यांनी. पण तू मशिनवरचा माणूस आहेस, तूच सांग. २२० किलोचा एक नमुना जोडला, आणि काही टनांची गाडी दर तीन-चार महिन्यांनी, वर्षानुवर्षं, हवाबंद जोडायची, तिच्यातून विषारी इंधन पाइपनं घ्यायचं. सॅम्पल पास होणं आणि प्रॉडक्शन चालू होणं, यात किती अंतर आहे?"

"लई अंतर आहे," तो म्हणाला. पण लगेच पुढे, "तरी सर, माणूस जाणार म्हणून देश पैसा देतो. नुसती पोती वर गेली तर कोण टाळ्या वाजवणार? आणि पैलवान तयार करून आखाड्याबाहेर किती वर्षं बसवायचा?"

यात तथ्य आहे. मलाही माणूस जायला हवाय. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या भागाकडे दोन-तीन मालगाड्या रिकाम्या घरात जाऊन लागू देत, पाणी-शिधा उतरू दे, इंधन भरलं जाऊ दे, एखादी फसली तर फसू दे. आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर होतो, इथपर्यंत मजल २०२३मध्ये गेली. ती गेली कारण मधली वीस-बावीस वर्षं पाणी खालून पोचत राहिलं. आणि गाडी आपली असावी. भाड्याची जोडीला असू दे, पण एक आपली पाहिजेच. पक्याला पहिला मुद्दा पटला नाही, बापूला दुसरा. आप्पा दोन्हीकडे मान हलवत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. कंटेनरला यार्डात प्लग मिळाला होता, तापमान धरून होतं. सगळे उठले.

बापूनं गाडीला किक मारली आणि परत बंद केली. "पक्या, ते रशियावाल्यांनी दोन दारं ठेवली म्हणून जमलं ना? माझ्या गोडाऊनलाही दोन शटर आहेत. एकाला गाडी उभी असली की दुसऱ्याला लावतो. आपल्या त्या २०२८च्या भागाला दारं किती?"

पक्यानं मोबाइल काढला.