खुलासा : मेणबत्ती, पेला आणि २१ टक्के ऑक्सिजन

‘बशीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर काचेचा पेला उपडा. पाणी पेल्यात पाचव्या हिश्शापर्यंत चढतं, म्हणजे हवेत २१ टक्के ऑक्सिजन असल्याचं सिद्ध’ हा मेसेज ‘ज्ञानरचनावादी उपक्रम’ म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो मूळ माझाच. त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, तीन मेणबत्त्या लावल्या तर?” पेला तोच, ऑक्सिजनही तेवढाच, पण पाणी बरंच जास्त चढलं. शिवाय ज्योत जळत असताना ते जेमतेम हललं, विझल्यावर मात्र झरकन वर गेलं. पेला ठेवताना कडेने बुडबुडेही निघाले, जे मला इतकी वर्षं दिसलेच नव्हते! मुख्य कारण उष्णता. गरम हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते, उरलेली गार होऊन आकसते. ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आधीच ज्योत विझते, आणि वापरलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड व वाफ येते.

२१ टक्के हा आकडा बरोबरच आहे, पण या प्रयोगातून तो निघत नाही. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका. प्रयोग जरूर करा, फक्त उत्तर आधी सांगू नका.