कोरडी हवा आणि ओली भिंत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिवाळ्यातही थोडा वेळ खिडक्या उघडून घरात हवा खेळवावी, हा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचून आक्षेप घेतलेत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचे मुद्दे तीन. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी होते असंही मी लिहितो आणि भिंतीला बुरशी धरते असंही, मग यातलं खरं काय? बाहेर धुकं असताना खिडकी उघडली तर ओल घरात येणार नाही का? आणि हीटर चालू असलेल्या खोलीत बाहेरची हवा घ्यायची, म्हणजे वीज वायाच ना?

धुक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक घोळ टक्क्यांमुळे होतो. आर्द्रतेचा टक्का हवेत पाणी किती आहे ते सांगत नाही. त्या तापमानाची हवा जेवढं बाष्प धरू शकते, त्यातला किती वाटा भरलाय एवढंच सांगतो. 5 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 7 ग्रॅमच्या आत बाष्प मावतं, 20 अंशांच्या हवेत 17 ग्रॅमच्या वर. म्हणजे बाहेर 95 टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत पाणी साडेसहा ग्रॅमच. घरातल्या 20 अंश आणि 60 टक्क्यांच्या हवेत मात्र दहा ग्रॅमहून जास्त असतं. बाहेरची ती हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता 36 टक्क्यांच्या आसपास उतरते. धुक्याच्या दिवशीसुद्धा, खोली गरम असेल तर, खिडकी उघडल्याने ती सुकते.

पहिल्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. खोलीच्या मध्ये हवा 20 अंश आणि 50 टक्के आहे असं धरा. तीच हवा बाहेरच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटामागे जाते. तिथे हीटरची ऊब पोचत नाही, भिंत 12 अंशांवर असते. त्या भिंतीलगत त्याच हवेची आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढं पुरतं, भिंतीवर पाण्याचा थेंब दिसायचीही गरज नसते. कपाट चार बोटं पुढे ओढून मागे टॉर्च मारून बघा. काळे ठिपके बहुधा जमिनीलगत किंवा कोपऱ्यात सापडतील, कारण भिंतीचा सगळ्यात गार भाग तोच. म्हणून कोरडी हवा आणि ओली भिंत एकाच घरात नांदतात. हीटर जोरात आणि बाहेरची थंड हवा सतत झिरपत असेल, तर घसा सुकतो, ओठ फुटतात. सगळं घट्ट बंद करून आत स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणं चालू असेल, तर काचा घामेजतात. झोपलेला माणूससुद्धा श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो.

विजेचं गणित तुम्हाला वाटतं तेवढं महाग नाही. 30 घनमीटरच्या खोलीतली सगळी हवा बदलून 5 अंशांवरून 20 अंशांवर आणायला साधारण 0.15 युनिट वीज लागते. उष्णतेचा मोठा साठा भिंतींमध्ये आणि सामानात असतो, आणि समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडल्या तर तो फारसा निवत नाही. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर मात्र भिंतीही थंड पडतात आणि विजेबद्दल तुम्ही म्हणता तेच होतं.

तुम्ही न काढलेला एक आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वारा पडलेल्या थंड पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. अशा वेळी खिडकी उघडली तर धूर घरात येतो. ऊन चढून थर मोडेपर्यंत थांबावं; दुपार बरी.

पण खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुराड्याशिवाय गॅसवर चालणारा हीटर असेल, तर दुपारची वाट बघायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं, मळमळू लागलं, तर थंडी बाधली म्हणून पांघरूण घेऊन पडून राहू नका. सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. झोपायच्या खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणं तर, खिडकी उघडी असली तरी, कधीच नको.