ती गाठ मारू नका ना हो!

आज परत तेच. सकाळी सकाळी खाली जाऊन कंपोस्टच्या ड्रमचं झाकण उघडलं तर वरच एक काळी पिशवी, टम्म फुगलेली, तोंडाला गाठ. साधी गाठ पण नाही, दोनदा मारलेली आणि वरून परत कानाला कान बांधून घट्ट ओढलेली, जणू आत दागिने आहेत. ड्रमवर मी स्वतः मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय, "पिशवी टाकू नका, ओला कचरा नुसता ओता." त्या कागदाच्या बरोब्बर खाली ही पिशवी. बिल्डिंगमध्ये वाचता येत नाही असं एक माणूस नाही हो, डिग्र्या आहेत सगळ्यांकडे, पण पिशवीचं तोंड उघडं ठेवायचा कोर्स कोणी केलेला दिसत नाही.

नखांनी गाठ सुटेना म्हणून कात्री लावली. फुस्स करून आतली सगळी हवा तोंडावर. सडक्या अंड्याचा वास, डोळ्यात पाणी, आणि काळंकुट्ट पाणी ग्लव्हजच्या आत शिरून पार कोपरापर्यंत. आत काय तर केळ्याची सालं, चहाचा चोथा, भाजीचे देठ, दोन पेन्सिल सेल आणि एक दाढीचं ब्लेड. उघडं! कागदात गुंडाळायचे पण कष्ट नाहीत. बोट वाचलं ते नशीब.

आणि मग हेच लोक मीटिंगमध्ये म्हणतात, "त्या ड्रमचा फार वास येतो बुवा." अरे वास ड्रमचा नाही, तुमच्या गाठीचा आहे! तेच केळ्याचं साल उघडं टाकलं, वर मूठभर वाळका पाला टाकला, तर हवा लागते, हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी त्याच्यावर तुटून पडतात, ढीग मध्यभागी हात लावता येणार नाही इतका तापतो आणि काही महिन्यांनी ओल्या मातीचा वास येणारं काळं खत हातात येतं. पिशवीत गाठ मारली की आतला ऑक्सिजन बघता बघता संपतो, मग ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही असे दुसरेच जिवाणू कामाला लागतात, आणि ते कुजवतात पण हळू, आणि बाहेर सोडतात मिथेन आणि तो अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. बरं मिथेन म्हणजे काय साधा गॅस नाही, शंभर वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो, आणि पहिल्या वीस वर्षांचाच धरला तर ८० पटीच्या आसपास. साल तेच, घर तेच. फरक फक्त गाठीचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे एकदा जिन्यात समजावून सांगितलं. तर म्हणे "अहो शेवटी सगळं मातीतच जातं, कुजतं आपोआप." हे "आपोआप" ऐकलं ना की माझं डोकंच फिरतं. काहीही आपोआप कुजत नाही काका, कोणीतरी ते खातं! अमेरिकेत विल्यम रॅथजे नावाचे एक पुरातत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७३ पासून लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि पुढे जाऊन चक्क डम्पिंगचे डोंगर खणले, जसे आपण जुनी गावं खणतो तसे. तर आत काय सापडलं? कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं, तारखेसकट वाचता येतील अशी. कागद! झाडाचा! दाबून टाकलेला, हवा नाही, ओल पुरेशी नाही, खाणारे नाहीत, मग तो बसला तसाच. ही सगळी झाली आपोआप कुजण्याची गंमत.

खरं तर चूक शाळेपासून आहे. अन्नसाखळी म्हणजे काय, तर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. सगळ्यांनी पाठ केलंय, बाण काढून मार्क घेतलेत. घार मेल्यावर पुढे काय, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चित्राच्या कोपऱ्यात "विघटक" असा एक चौकोन असायचा आणि त्यात एक केविलवाणं भूछत्र, झालं, विषय संपला. अरे सगळा धंदा त्या कोपऱ्यातच चालतो! जंगलात जेवढं हिरवं उगवतं त्यातलं फार थोडं कोणी जिवंतपणी खातं, बाकीचं, बऱ्याच जंगलांत ९० टक्क्यांच्या आसपास, वाळून गळून खाली पडतं आणि बुरशी, जिवाणू, गांडुळं, त्या पुष्कळ पायांच्या वाणी, डोळ्यांना दिसणार पण नाहीत असले किडे, यांच्या पोटातून जातं. त्यांनी त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मोकळा केला की तो परत मुळांना मिळतो, तेव्हा कुठे गवत उगवतं आणि त्या नाकतोड्याचं जेवण होतं. घार बघायला सगळे मान वर करतात, खाली वाणी दिसली की चप्पल शोधतात.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट मला भारी वाटते. तिकडे गोरे लोक गेले ते गाई घेऊन गेले, पण शेण खाणारे किडे काही नेले नाहीत. तिथले स्थानिक शेणकिडे पिढ्यानपिढ्या कांगारूच्या कोरड्या लेंड्यांवर पोसलेले, त्यांना गाईचं ओलं शेण झेपेना. मग शेण पडलं की पडलंच, महिनोन् महिने, वाळून कडक, खाली गवत उगवेना आणि त्यात माश्यांची ही पैदास! शेवटी १९६० च्या दशकात जॉर्ज बोर्नेमिस्सा नावाच्या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून बाहेरून शेणकिडे आणायला सुरुवात झाली आणि ते काही ठिकाणी चांगले रुजले, शेण जमिनीत गाडायला लागले. म्हणजे बघा, जगभर जे शेण खत आहे तेच तिकडे कचरा होतं, का, तर खाणारा हजर नव्हता. आपल्याकडे खाणारे हजर आहेत, ताट वाढलेलं आहे, आणि आपण ताटावर प्लास्टिक बांधून ठेवतोय.

आता अळ्यांचा किस्सा. मागच्या महिन्यात ड्रममध्ये काळ्या सैनिक माशीच्या अळ्या झाल्या. मी खूश! कारण या अळ्या ओला कचरा अक्षरशः फस्त करतात आणि त्यांची मोठी माशी घरात येऊन अन्नावर बसत पण नाही, ती फारसं काही खातच नाही, अंडी घालते आणि मरते बिचारी. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या मेलेल्या आणि ड्रमला स्प्रेचा वास. कोणीतरी "किडे झालेत" म्हणून अख्खा डबा मारला. विचारलं तर उत्तर, "थोडंसंच मारलंय हो."

थोडंसंच! कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं एक तळं आहे, तिथे चिलटांचा त्रास होतो म्हणून १९४९ मध्ये डीडीडी नावाचं औषध मारलं, डीडीटीचंच भावंड. पाण्यात प्रमाण किती, तर पाच-सात कोटी भागांत एक भाग पकडा. थोडंसंच. १९५४ मध्ये परत, १९५७ मध्ये परत. तळ्यावरचे ग्रीब नावाचे पाणपक्षी पटापट मेले आणि त्यांच्या चरबीत तपासलं तर दहा लाखात १६०० भाग. पाण्यात थोडं, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांत जास्त, मग छोट्या माशांत, मग मोठ्या माशांत, आणि पक्ष्यापर्यंत पोचेपर्यंत पाण्याच्या ८० हजार पट. आजचे घरगुती स्प्रे बहुतेक तसे वर्षानुवर्षं टिकणारे नसतात हे मान्य, उगाच घाबरवत नाही, पण त्या पेन्सिल सेलचं काय? त्यातले धातू कुजत नाहीत, कोणी खाऊन संपवत नाही, ते ड्रममधून खतात, खतातून कुंडीत, आणि कुंडीत तुम्हीच भाजी लावताय ना?

प्लास्टिकवर मी बोलायचंच सोडलं होतं पण काकांनी तेही उकरून काढलं, "प्लास्टिक तर रिसायकल होतं ना." हो का? २०१७ मध्ये एक मोठा हिशोब छापून आला, २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला त्यातला रिसायकल झाला फक्त ९ टक्के, १२ टक्के जाळला, बाकीचा आहे इथेच, जमिनीवर, जमिनीत, पाण्यात. आणि माझ्या हातातली ती भाजीच्या रसाने बरबटलेली, कात्रीने कापलेली काळी पिशवी कोण रिसायकल करणार? भंगारवाला पण हात लावत नाही. मग एका ताईंनी उपाय काढला, हिरव्या पिशव्या आणल्या, वर पानाचं चित्र आणि "कंपोस्टेबल". चांगला विचार होता, खोटं नाही बोलणार. पण त्यातल्या बऱ्याच पिशव्यांना मोठ्या प्लांटमधली साठ अंशांच्या आसपासची उष्णता आठवडेच्या आठवडे लागते, आपला ड्रम तेवढा तापला तरी मध्यभागी आणि चार दिवस. सहा महिन्यांनी उपसली तेव्हा देठ गेले होते, सालं गेली होती, पिशवीवरचं पानाचं चित्र मात्र हिरवंगार.

अजून एक, हे तर लिहिताना पण हात थरथरतो. मला ड्रमसाठी वाळका पाला लागतो कारण ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, त्याला जोडीला कार्बन हवा, साधारण एक भाग नायट्रोजनला पंचवीस-तीस भाग कार्बन या हिशोबात, तो नसला की लगदा होतो आणि वास सुटतो. अंगणात झाडं आहेत, पाला ढिगाने पडतो. आणि तो पाला रोज सकाळी कोपऱ्यात गोळा करून कोण जाळतं? आम्हीच! "कचरा दिसतो" म्हणून! म्हणजे एका कोपऱ्यात कार्बनचा धूर करायचा, दुसऱ्या कोपऱ्यात कार्बन नाही म्हणून ड्रम नासवायचा, आणि मग खत विकत आणायचं गोणीभर. सांगून सांगून दोन पोती पाला वाचवला मी कसाबसा, ती पण जिन्याखाली लपवून ठेवलीयेत.

तर आज सकाळी मी तिथे बसून, नाकाला रुमाल, ब्लेड वेगळं, सेल वेगळे, सालं ड्रममध्ये, पिशवी नळाखाली धुतोय, आणि वरून काका उतरले. म्हणाले, "अरे वा, चालू आहे का सेवा! खत झालं का रे? मला दोन बादल्या ठेव, गुलाबाला घालतो." मी मान वर केली. त्यांच्या हातात काळी पिशवी. दोनदा गाठ मारलेली.