‘एलिमेंट सापडत नाही? स्लीप टाका’: या सल्ल्याची उलटतपासणी

वेब टेस्ट लिहिणाऱ्यांमध्ये, म्हणजे सेलेनियम किंवा प्लेराइटसारख्या टूलने ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्यांमध्ये, एक सल्ला कायम फिरत असतो. थोडक्यात असा: “सेलेनियमला एलिमेंट सापडत नसेल तर कारण एकच, पेज स्लो आहे. पाच सेकंदांचा स्लीप टाका. तरी नाही जमलं तर ब्राउझरमधून फुल एक्सपाथ कॉपी करा. तेही फेल गेलं तर सेलेनियम सोडा आणि प्लेराइटवर या, तिथे ही भानगडच नाही.” (एलिमेंट म्हणजे बटण, इनपुट असा पेजवरचा घटक; स्लीप म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबणं; एक्सपाथ म्हणजे पेजच्या रचनेतला एलिमेंटचा पत्ता.) यातलं एकेक वाक्य घेऊ.

“कारण एकच, पेज स्लो आहे.”

पुष्कळदा असतं, हे मान्य. पण ‘नो सच एलिमेंट’ ही एरर सांगते ती एवढंच की या क्षणी, या डॉक्युमेंटमध्ये, या लोकेटरला (एलिमेंट शोधायच्या खुणेला) जुळणारं काही मिळालं नाही. सल्ला देणारे फक्त क्षणाकडे बघतात. डॉक्युमेंट कोणतं, हे कोणी विचारतच नाही.

मीही विचारलं नव्हतं. एका पेमेंट पेजवर कार्ड नंबरचा इनपुट सापडेना. स्लीप ३ सेकंदांचा केला, मग १०, मग २०. डोळ्यांसमोर पेज पूर्ण उघडलेलं, इनपुटमध्ये कर्सर लुकलुकतोय आणि टेस्ट मात्र लाल. शेवटी फेल होण्याच्या क्षणी ड्रायव्हरला (ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियमच्या भागाला) दिसणारा पेज सोर्स (पेजचा कोड) फाइलमध्ये सेव्ह करून शोधला. इनपुट त्यात नव्हताच! होता फक्त एका आयफ्रेमचा, म्हणजे पेजमध्ये बसवलेल्या दुसऱ्या पेजचा, टॅग. डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणीच्या पॅनेलमध्ये) आयफ्रेमच्या आतलं सगळं त्याच झाडात उलगडून दिसतं, म्हणून माणूस फसतो. मधली ‘#डॉक्युमेंट’ ही ओळ दिसली की सावध व्हायचं: इथून पुढे वेगळं डॉक्युमेंट सुरू होतं आणि ड्रायव्हर आपणहून आत जात नाही. आधी फ्रेममध्ये स्विच करायचं आणि काम झालं की मुख्य डॉक्युमेंटवर परत यायचं. हे परत येणं विसरलं की बाहेरचं ‘पे’ बटण सापडत नाही. मग लोक तिथेही स्लीप टाकतात.

नव्या टॅबचंही तेच. लिंक नव्या टॅबमध्ये उघडली तरी ड्रायव्हर जुन्याच टॅबवर बसून असतो. पेजच्या एलिमेंटचं झाड म्हणजे डॉम; त्यातल्या शॅडो डॉम या झाकलेल्या, वेगळ्या भागाच्या आतही बाहेरून मारलेला एक्सपाथ पोचत नाही; सेलेनियम ४ पासून शॅडो रूट (त्या भागाचं मूळ) हातात घेऊन त्याच्या आत सीएसएस सिलेक्टरने शोधता येतं.

आणि लोकेटर? सोर्समध्ये ‘Login’ लिहिलंय, पण सीएसएसने ते मोठ्या अक्षरांत दाखवलंय. लिंक टेक्स्टने शोधणारा लोकेटर स्क्रीनवर दिसणारा मजकूर बघतो, एक्सपाथचं टेक्स्ट डॉममधला बघतं. अशा ठिकाणी लिंक टेक्स्टने ‘Login’ शोधत तासभर थांबलात तरी लिंक हाती लागणार नाही.

“पाच सेकंदांचा स्लीप टाका.”

हिशोब करा. २०० टेस्ट, प्रत्येकीत ३ स्लीप, दर वेळी ५ सेकंद: ३००० सेकंद, म्हणजे दर रनला ५० मिनिटं नुसतं बसून राहणं. एवढं करून सहाव्या सेकंदाला एलिमेंट आलं तर टेस्ट फेल ती फेलच. एक्स्प्लिसिट वेट (एका नेमक्या अटीसाठी थांबणं) डिफॉल्टने दर अर्ध्या सेकंदाला डोकावतो आणि अट पूर्ण झाली की लगेच पुढे जातो. अट मात्र नेमकी द्या. डॉममध्ये असणं, दिसणं आणि क्लिक करता येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागू होणारं थांबणं) मिसळू नका. सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच म्हटलंय की १० सेकंदांचा इम्प्लिसिट आणि १५ चा एक्स्प्लिसिट एकत्र आले तर टाइमआउट २० सेकंदांनी होऊ शकतो.

एररचं नावही नीट वाचावं. ‘स्टेल एलिमेंट’ म्हणजे एलिमेंट सापडलं होतं, पण नंतर ते डॉममधून गेलं, बहुधा पेजने तो भाग पुन्हा रंगवला म्हणून. इथे ते पुन्हा शोधावं लागतं. ‘क्लिक इंटरसेप्टेड’ म्हणजे वर काहीतरी आडवं आलंय. या सगळ्याला सरसकट “सापडत नाही” म्हणणारे सहकारी मला आठवड्यातून एकदा तरी भेटतात.

“फुल एक्सपाथ कॉपी करा.”

बॉडीतला दुसरा डिव्ह, त्यातला तिसरा, त्यातलं पहिलं बटण: हा असा पत्ता. बॉडीच्या सुरुवातीला कुकीची पट्टी डिव्ह म्हणून आली की दुसऱ्याचा तिसरा होतो. टेस्ट फेल गेली तर नशीब, नाहीतर ती भलतंच बटण दाबून हिरवी होते. एक्सपाथचा यात दोष नाही. लेबलच्या मजकुरावरून शेजारचा इनपुट गाठायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आयडीवरही आंधळा विश्वास नको. पेज दोनदा रिलोड करा. आयडी बदलत असेल तर तो फ्रेमवर्कने जागेवर तयार केलेला आहे. डेव्हलपरकडून टेस्टसाठी वेगळा अ‍ॅट्रिब्यूट मागून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं, फक्त मागायला लाज वाटते.

“प्लेराइटवर या, तिथे ही भानगडच नाही.”

प्लेराइट क्लिकआधी स्वतः थांबतो, उघड्या शॅडो डॉममध्ये सीएसएसने आपोआप शिरतो. सोय मोठी आहे, नाकारत नाही. त्याच पेमेंट पेजची टेस्ट मी नंतर प्लेराइटमध्ये लिहिली, फ्रेम लोकेटर (कोणत्या फ्रेममध्ये शोधायचं ते) न देता. त्याने डिफॉल्टचे ३० सेकंद इमानेइतबारे वाट बघितली आणि मग टेस्ट लाल केली.