एकसष्टावं पोर

निफाड तालुक्यात मे महिन्याच्या उन्हात कुणी मोटरसायकलवरून घरोघर ओट्यांवर डोकावताना दिसला, तर चोर समजू नका. तो जिल्हा परिषदेचा मास्तर असतो, पहिलीसाठी पोरं शोधत फिरणारा.

शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 60 पर्यंत असला तर शिक्षक 2. तिसरा ठेवायचा तर 61 हवीत. आमच्या शाळेतला तिसरा म्हणजे मी, सेवेत सगळ्यात धाकटा. त्यामुळे गावात पाळणा हलला की आजीच्या आधी मला आनंद होतो.

परवा एका ओट्यावर पुढचे दात पडलेला गडी दिसला. म्हणजे वय बसतंय! मोफत पुस्तकं, गणवेश, दुपारची खिचडी, सगळं आईला म्हणून दाखवलं. कांदे निवडतानाच तिनं विचारलं, "गाडी येती का दारात?"

"वहिनी, शाळा समोरच तर आहे."

"ते दिसतंय. पण त्या इंग्लिश शाळेची पिवळी गाडी येती, अन् टायबी आसतो."

सोबत आमच्या शाळेची दुसरीतली एक विद्यार्थिनी होती. पुरावा म्हणून तिला खताची गोणी वाचायला लावली. तिनं 'कोरड्या जागी साठवा'पर्यंत घडाघडा वाचली. त्यावर गड्यानं हातवारे करत एक इंग्रजी गाणं म्हटलं. शब्द एकही कळला नाही. आईला तर त्याचंच जास्त कौतुक.

"तुमची पोरगी कुठं आसती, गुरुजी?"

"आमच्याच शाळेत," मी छाती फुगवून म्हणालो.

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "का वो? दुसरीकडं घेतली नाई का तिला?"

खरी गंमत पुढेच आहे. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी निघते, सुरगाणा-पेठकडची कुटुंबं बागांवर उतरतात आणि आमच्या वर्गात बसायला जागा उरत नाही. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती हे ठरवणारा सरकारी हिशेब, धरते 30 सप्टेंबरचा पट, तोही आधार जुळलेल्यांचा. पोर्टलवर नसलेलं पोर माझ्यासमोर बसून पाढे म्हणत असलं तरी सरकारदरबारी ते हवेतच.

म्हणून यंदा एका बागायतदाराला गाठलं. म्हटलं, "दादा, छाटणी सप्टेंबरातच घ्या ना. सटाण्याकडं तर त्याच्याही आधी घेतात."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "पावसात बागेवर डावण्या रोग आला, तर फवारणीचे पैसे तुमचं शिक्षण खातं देईल का?"