एक्स्पांडरबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

नाशिकमधल्या बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर पुनर्रचनेसाठी जो टिश्यू एक्स्पांडर (कातडी ताणण्यासाठी सुईने सलाईन भरून हळूहळू फुगवायची पिशवी) बसवतात, त्याबद्दल. म्हणणं असं: सगळे एक्स्पांडर सारखेच, फक्त खडबडीत घ्या, तो सरकत नाही, सुई नको तर हवेचा मागा, एमआरआय बिनधास्त काढा, आणि एकदा बसवला की पुन्हा ऑपरेशन नाही. हे वाचून कुणी सर्जनसमोर जाऊन बसेल, याची मला काळजी वाटते.

खडबडीत पृष्ठभागाला ऊती धरून राहतात, म्हणून तो जागेवर टिकतो, हा विचार कित्येक वर्षं चालला. पण अशा पृष्ठभागाशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरचा, संबंध दिसला. जुलै २०१९मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल या खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लांट (कृत्रिम स्तन) परत मागवले, त्यात एक्स्पांडरही होते. आता गुळगुळीत कवचाचे, कडेला टाके घालायला पट्ट्या असलेले एक्स्पांडर मिळतात. सरकण्याची अडचण त्या टाक्यांनी बरीच सुटते. ज्यांच्याकडे आधीच खडबडीत आहे त्यांनी घाबरून काढायला धावू नये. त्रास नसेल तर एफडीएनेही काढायला सांगितलेलं नाही. पण उशिरा सूज आली किंवा गाठ लागली तर लगेच दाखवावं.

हवेचा एक्स्पांडर होता हे खरं. एअरोफॉर्म नावाचा. आत कार्बन डायऑक्साइड, हातात रिमोट, एका वेळी १० मिली. त्याला डिसेंबर २०१६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण २०१९मध्ये कंपनीच बंद पडली. तो आता कुठून मागणार?

सुईची भीतीही वाजवीपेक्षा जास्त पसरवली आहे. डॉक्टर छातीवर एक छोटं लोंबतं चुंबक फिरवतात, ते कवचातल्या पोर्टवर, म्हणजे सलाईन भरायच्या तोंडावर, येऊन स्थिर होतं, तिथे खूण करून बारीक सुईने सलाईन भरतात, साधारण ५० ते १०० मिली. स्तन काढल्यावर तिथली कातडी बरीचशी बधिर असते. टोचण्यापेक्षा नंतर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी वाटते, तोच त्रास जास्त. पेठ-सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्या बाईला तर खेपा जास्त जड जातात. ते डॉक्टरांना आधीच सांगावं, दोन भरण्यांमधलं अंतर थोडं वाढवता येतं.

पोर्ट सापडतो तो त्याच्या आत चुंबक असतं म्हणून. आणि मेसेजवाले म्हणतात एमआरआय बिनधास्त काढा! असा एक्स्पांडर एमआरआयच्या यंत्रात खेचला जाऊ शकतो, जागचा हलू शकतो. बहुतेकांवर कंपनीनेच एमआरआयला मनाई लिहिलेली असते. बिनचुंबकाचे एक्स्पांडरही आलेत, त्यांना ठरावीक अटींवर एमआरआय चालतो. आपल्यात कुठला आहे हे डिस्चार्जच्या कागदांवरच्या स्टिकरवर असतं. ते मागून घ्या, एमआरआयच्या टेबलावर चढण्याआधी दाखवा.

राहिलं पुन्हा ऑपरेशन नाही हे. एक्स्पांडर तात्पुरता असतो; कातडी पुरेशी ताणली की तो काढून इम्प्लांट बसवतात किंवा स्वतःच्याच पोटाची, पाठीची ऊती वापरतात. दोन कप्प्यांचा, कायम ठेवता येणारा बेकर प्रकार आहे, पण त्याचाही पोर्ट नंतर छोट्या शस्त्रक्रियेने काढावा लागतो. आणि रेडिएशन ठरलं असेल तर हे सगळं वेळापत्रकच बदलतं, म्हणून रेडिएशनचा विषय पहिल्याच भेटीत काढा.