सोनाराचा काटा, वखारीचा काटा

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण येईल तेव्हा तुम्ही बेसावध नसावं, म्हणून हा लेख. मागच्या वेळी, म्हणजे करोनात, आपली फार तारांबळ उडाली. लशीचा धोका मोठा की लॉकडाऊनचा, याचा नीट विचार करायला सवडच मिळाली नाही. म्हणजे सवड होती, पण ती डालगोना कॉफी फेटण्यात गेली.

तर सगळ्यात आधी घरात दोन काटे आणून ठेवा. एक सोनाराचा, काचेच्या पेटीतला, पंखा लावला तरी थरथरणारा. दुसरा वखारीचा, ज्यावर कोळशाचं पोतं आदळतात आणि दोन-चार किलो इकडचे तिकडे झाले तरी हमालसुद्धा मान वर करत नाही. लस तोलायची ती सोनाराच्या काट्यावर. लॉकडाऊन तोलायचा तो वखारीच्या. काटे चुकूनही बदलू नका, भलतंच उत्तर येतं.

आता लस घ्या. म्हणजे टोचून नव्हे, तोलायला घ्या. मार्च 2021 ची गोष्ट. 11 तारखेला डेन्मार्कने अॅस्ट्राझेनेकाची लस थांबवली, 15 तारखेला जर्मनी, फ्रान्स आणि इटलीने. आपली कोविशील्ड म्हणजे तीच, फक्त पुण्याच्या सीरममध्ये बनलेली. ब्रिटनमध्ये मार्चअखेरपर्यंत 2 कोटींहून अधिक डोस देऊन झाले होते आणि त्यात रक्ताच्या विचित्र गुठळ्यांचे 79 रुग्ण सापडले, 19 जण दगावले. यातला 79 हा आकडा पाठ करा. 19 ही करा. 2 कोटी लक्षात ठेवू नका, उगाच भागाकार करावा लागतो. मे महिन्यात लशीनंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या आपल्याकडच्या समितीनेही सांगितलं की संशयित प्रकरणं 26, म्हणजे दहा लाख डोसांमागे 0.61. इथे तर दशांश चिन्ह आहे. भागाकार आणि दशांश शाळेत शिकवतात, आणि शाळा तेव्हा बंद होत्या.

तशी ती भीती अगदीच खोटी नव्हती, हे तुमच्या कानात सांगतो. केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांनी एप्रिल 2021 मध्ये एक तक्ता केला होता. साथ ओसरलेली असेल, तर विशीतल्या एक लाख लोकांमागे लशीमुळे आयसीयूत जाण्यापासून वाचणारे 0.8 आणि गंभीर त्रास होणारे 1.1. म्हणजे पारडं लशीच्या विरुद्ध. साठीतल्यांसाठी तेच आकडे 14.1 आणि 0.2. ब्रिटनने त्यावरून तिशीखालच्यांना वेगळी लस द्यायचं ठरवलं आणि बाकीच्यांचं लसीकरण चालू ठेवलं. हा तक्ता मात्र कुणाला पाठवू नका. त्यात वय धरलंय, आसपास साथ किती आहे तेही धरलंय. असं काही वाचलं की माणूस गप्प बसतो आणि सोसायटीचा ग्रुप थंड पडतो.

त्यापेक्षा डेन्मार्क पाठवा. डेन्मार्कने 14 एप्रिलला ही लस कायमची बंद केली, हे मोठ्या अक्षरात. त्यांच्याकडे साथ आटोक्यात होती आणि दुसऱ्या लशी हातात होत्या, हे लिहायचं नाही. त्याच आठवड्यात, 18 एप्रिलला, महाराष्ट्रात एका दिवसात 68 हजारांवर नवे रुग्ण सापडले होते, तेही लिहायचं नाही. आमच्या ग्रुपवर हा निरोप ज्यांनी टाकला, ते काका तेव्हा मेहुण्यासाठी रेमडेसिवीर शोधत औषधांची दुकानं पालथी घालत होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच त्या औषधाची शिफारस करत नाही असं सांगितलं होतं. पण ते इंजेक्शन काळ्या बाजारात मिळत होतं, आणि काळ्या बाजारात मिळतं ते गुणकारीच असणार. लस फुकट होती.

आता लॉकडाऊनकडे वळू. इथे काम सोपं आहे, कारण तोलायचंच नाही. लस टोचल्यावर तुम्हाला अर्धा तास खुर्चीवर बसवायचे, चक्कर येते का, अंगावर पित्त उठतं का बघायचे. काही झालं तर फॉर्म होता, समिती होती. लॉकडाऊन 24 मार्च 2020 ला रात्री 8 वाजता जाहीर झाला आणि 12 वाजता सुरू. त्यानंतर बसायला खुर्ची कुणी दिली? 8 मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या रोट्या पडलेल्या होत्या. ही नेमकी कशाची प्रतिकूल घटना म्हणायची, त्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

आमच्या नाक्यावरचा केस कापणारा. 2021 च्या एप्रिलमध्ये सलून पुन्हा बंद झालं. तो आठवडाभर शटर गुडघ्याएवढं वर करून बसला, मग पोलिसांनी पावती फाडली. मग तो हातगाडीवर कांदे-बटाटे घेऊन उभा राहिला, कारण कांदा अत्यावश्यक होता आणि केस नव्हते. सकाळी 7 ते 11. आयुष्यभर कात्री धरलेला माणूस, त्याला तराजू धरता येईना. पारडं उचललं की हात कापायचा, मग गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून तो वर आणखी दोन कांदे टाकायचा. किलोला सव्वा किलो देत होता बिचारा. आमच्या सोसायटीतल्या लोकांच्या हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं आणि खाली रांग लागली. ते पाव किलो घेऊन वर येऊन, पिशवी सॅनिटायझरने पुसून, त्यांनी ग्रुपवर लिहिलं की अजून पंधरा दिवस कडक लॉकडाऊन हवाच, लोकांना शिस्त नाही. लस कधी घेताय असं मी विचारलं. उत्तर आलं, “इतक्यात नको. बघू, इतरांचं काय होतंय ते.”

हीच भूमिका तुम्ही घ्यावी अशी माझी मनापासून शिफारस आहे. लस इतरांवर तपासून बघायची आणि लॉकडाऊनही इतरांनीच सोसायचा. दोन्ही पारडी दुसऱ्याच्या खांद्यावर असली की आपला हात अजिबात कापत नाही. लॉकडाऊन म्हणजे लस मिळेपर्यंतची उसनवारी आहे, आपण जितके दिवस ‘बघू’ म्हणतो तितकं त्याचं व्याज चढतं आणि ते व्याज कांद्याच्या गाडीवाला भरतो, असला हिशोब कुणी मांडायला लागला तर त्याला ग्रुपमधून काढा. आमच्या अॅडमिनने काढलं मला.

याच्या उलट ‘दोन्ही नको’ असंही म्हणता येतं. लसही नको, निर्बंधही नकोत. ही मंडळी जास्त बाणेदार दिसतात. काट्याला दोनच पारडी असतात हे त्यांचं नशीब. तिसरं असतं, तर त्यात आजार टाकावा लागला असता.

भीती कधी सोडायची, हेही कळायला हवं. त्याचा मुहूर्त सरकार काढतं. 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस आणि वर 14 दिवस झालेल्यांना लोकलचा पास, असं जाहीर झालं आणि डोंबिवलीपासून विरारपर्यंतच्या रक्तातल्या गुठळ्या एका रात्रीत विरघळल्या. सहा महिने ‘बघू’ म्हणणारे पहाटे 5 ला टोकनच्या रांगेत चपला ठेवून उभे. मीही होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांना कुठली लस हवी असं विचारल्यावर ते म्हणाले, “ज्याच्यावर ठाण्याला उतरता येतं ती.”

पण सोडलेली भीती फेकून देऊ नका, नीट घडी घालून ठेवा, पुढे उपयोगी पडते. 2024 च्या एप्रिलअखेर बातमी आली की लशीमुळे अत्यंत क्वचित अशा गुठळ्या होऊ शकतात, हे कंपनीने लंडनच्या कोर्टात मान्य केलं. हे 2021 मध्येच सांगून झालं होतं आणि हा त्रास व्हायचाच तर साधारण डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो, पण त्याने काय बिघडतं? आमचे काका डोस घेऊन तीन वर्षं झाल्यावर डी-डायमरची, म्हणजे रक्तात गुठळ्या होतात का ते बघायची, तपासणी करून आले. रिपोर्ट ग्रुपवर टाकला. नॉर्मल होता, तरी त्यांना तो संशयास्पद वाटला. तपासणीला ते मास्क न लावता, पानाचा तोबरा भरून स्कूटरवर गेले होते.

एवढं सगळं पटलं असेल, तर काट्यांची सोय बघायला लागा. सोनाराचा काटा कुठेही मिळेल. वखारीचा हवा असेल, तर आमच्या गल्लीच्या टोकाला एक आहे. ती वखार 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही. काटा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, गंज चढलाय थोडा. भंगाराच्या भावात देतील.